आभारांच्या यादीतलं मधलं नाव

हे लिहिण्याआधी माफी मागतो, आणि ती नुसती रीत म्हणून नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. लिहिणं म्हणजे अर्ज, आणि अर्जाच्या खाली 'आपला विश्वासू', एवढंच आम्हाला ठाऊक. त्यात हा विषय असा की चारचौघांत निघाला तर माणसं आवाज खाली आणतात. कुणाला अवघडल्यासारखं झालं तर त्याने पान उलटावं, मला वाईट वाटणार नाही. पण हे माझ्या बाबतीत घडलं आणि ते मला अजून पुरतं उलगडलेलं नाही, म्हणून धीर करतो. यात कुणाचंही नाव लिहिणार नाही. जे झालं ते नाव लिहिल्यामुळेच झालं.

माझे वडील तालुक्याच्या कोर्टात शिपाई होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पुकारा करायचं काम त्यांच्याकडे होतं. खटल्याचा नंबर लागला की दारात उभं राहून पक्षकाराला मोठ्याने हाक मारायची, तीन वेळा. हाक मारायची ती पूर्ण नावाने: त्याचं, त्याच्या बापाचं, मग आडनाव. एका गावात एकाच नावाचे चार जण निघतात, बापाचं नाव घेतल्याशिवाय नेमका कोण ते कसं कळणार, असं अण्णा म्हणायचे. जन्मभर त्यांनी लोकांची नावं अशी दारातून पुकारली. त्यांना स्वतःला मात्र कोर्टात 'शिपाई' म्हणत, किंवा नुसतं 'अरे'. मला शाळेत घातलं तेव्हा त्यांनी एक गोष्ट माझ्याकडून घोकून घेतली होती. कागद आधी वाचायचा, आणि सही करायची वेळ आली की पूर्ण नाव लिहायचं. मधलं नाव गाळायचं नाही.

सरकारी शिष्यवृत्तीवर मी नॉटिंगहॅमला एम.एस्सी. करायला गेलो, तेव्हा एवढी शिकवण बरोबर होती.

पहिल्याच ऑक्टोबरातली गोष्ट. शनिवारी सकाळी छान ऊन पडलं होतं आणि मी कालव्याकाठच्या एका बाकावर बसून डबा खात होतो. पोळीत बटाट्याची भाजी गुंडाळलेली होती. एक मुलगी हातात क्लिपबोर्ड घेऊन आली आणि अतिशय अदबीने म्हणाली, "आम्ही इथे थोडं शूटिंग करतोय. तुम्ही मागे दिसाल. चालेल ना? उठू नका, खात राहा. आमची अभिनेत्री समोरून जाईल तेव्हा फक्त वर बघा."

मी विचारलं, "कसा बघू?"

ती हसली. "जसं बघावंसं वाटेल तसं."

लांब रेनकोट घातलेली एक बाई चालत आली. पलीकडे एक माणूस हातात मावेल एवढा कॅमेरा घेऊन उभा होता. बाकापाशी येऊन ती थांबली. माझ्याकडे तिची पाठ होती. कॅमेऱ्याकडे तोंड करून तिने कोट दोन्ही हातांनी उघडला, क्षणभर तसाच धरला आणि मिटला. जाताना ती जराशी वळली. तेव्हा मला जे दिसलं त्यावरून मला काहीतरी कळलं होतं, हे मी आज मान्य करतो. पण मी ते कळून घेतलं नाही. कोटाची किंवा अत्तराची जाहिरात असेल, इथे उन्हात लोक तसेही कमी कपड्यांत असतात, असं मी स्वतःला सांगितलं.

मग मुलीने कागद पुढे केला. अण्णांनी शिकवल्याप्रमाणे मी तो पहिल्या ओळीपासून वाचला. 'निर्मिती', 'सर्व माध्यमे', 'सर्व देश' असे शब्द त्यात होते. कसली निर्मिती ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. खाली एक चौकट होती: श्रेयनामावलीत आपलं नाव जसं यावं असं वाटतं तसं लिहा. मी मोठ्या अक्षरांत, दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसं, तीन शब्दी नाव लिहिलं. तिने विद्यार्थी ओळखपत्राशी ते ताडून पाहिलं. "केवढं लांब!" ती म्हणाली. मी म्हणालो, मधलं वडिलांचं आहे. ते तिला फार आवडलं.

त्या दिवशी मी घरी फोन केला आणि अण्णांना सांगितलं की माझं शूटिंग झालं, आणि पडद्यावर नाव येणार आहे. "माझं आणि तुमचं."

त्यांनी विचारलं, "माझं बी?"

"पूर्ण नाव लिहिलंय, अण्णा."

सोमवारी त्यांनी ते कोर्टात सगळ्यांना सांगितलं. नाझरसाहेबांना, म्हणजे कोर्टाचं कार्यालय सांभाळणाऱ्या वरिष्ठांना, वकिलांना, टायपिस्टबाईंना, बाहेरच्या चहावाल्याला. त्यानंतर दर रविवारी फोनवर एकच प्रश्न असे.

"तारीख पडली का रे फिल्लमची?"

"नाही अण्णा, अजून नाही."

"म्हंजे पुढची तारीख घेतली म्हण की. कोर्टासारखंच हाय तुमच्या तिकडं."

नॉटिंगहॅमच्या भाड्याच्या घरात आम्ही तिघे राहत होतो, मी, एक पुण्याचा आणि एक नागपूरचा. नागपूरचा शनिवार-रविवार शहराबाहेरच्या एका गोदामात काम करायचा. परत आलेल्या डीव्हीडी तपासून पुन्हा रॅकवर लावायच्या, असं ते काम होतं. त्यातला एक भाग प्रौढांसाठीच्या चित्रपटांचा होता. तो त्याबद्दल जेवताना असं बोलायचा, जसं एखादा भाजीवाला बाजारभावाबद्दल बोलतो. मी मान खाली घालून भात कालवायचो, पण ऐकायचो.

"पहिले एक रॅक होता ना भाऊ, बाहेरच्या शूटिंगचा. आता अख्खी लाइन करून ठेवली. बस, बाग, लिफ्ट, लायब्ररी. सगळे तेच मागून राहिले."

"लायब्ररी?" पुण्याच्याने चष्मा वर केला. "शांतता पाळा, अशी पाटी असते तिथे."

"म्हणूनच असन. अबे, लोकांना सेट नको झाला आता. तोच पलंग, तेच पडदे, बोर झाले. मागून खरा माणूस गेला पाहिजे, सामानाची पिशवी घेऊन. तो खरा दिसला की समोरचं सगळंच खरं वाटते."

"म्हणजे त्या पिशवीवाल्याला विचारतात की नाही?"

"विचारत असतीन. किंवा नसतीन. मला काय माहीत?"

हे ऐकूनही मला काही सुचलं नाही. आपल्या बाबतीत असं असू शकतं हे मनात यायला एक प्रकारचा सराव लागतो, तो माझ्याकडे नव्हता.

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होतो. नागपूरच्याने कव्हर फाटलेली एक डिस्क आणली होती आणि पुण्याच्याची खोडी काढायला ती लावली होती. बाहेरून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. तो एकदम थांबला.

"अबे, इकडे ये! लवकर!"

मी सुरी हातात घेऊनच गेलो. पडद्यावर कालवा होता, बाक होता, आणि बाकावर मी होतो. हातात पोळी, तोंड अर्धवट उघडं, भुवया कपाळावर चढलेल्या. समोर त्या बाईचा उघडलेला कोट. मला त्या दिवशी तिची पाठ दिसली होती. कॅमेऱ्याला पुढची बाजू दिसली होती. आता ती बाजू आणि तिच्यामागे मी, असं दोन्ही एकदम दिसत होतं.

"काऊन बे, हा तूच ना?"

नागपूरच्याने मागे नेऊन पुन्हा लावलं. चार वेळा.

"काय एक्स्प्रेशन दिलंय राव," पुण्याचा म्हणाला. "पोळी खाली नाही पडली हे विशेष."

"हिरॉइनपेक्षा हाच जास्त चालन, सांगतो तुला!"

पुढचं सगळं कुठल्यातरी बंद खोलीत घडत होतं. ते त्यांनी पळवलं. मी म्हटलं, शेवटापर्यंत ने. शेवटी काळ्या पडद्यावर आभार होते. बाकीच्या लोकांनी नुसती पहिली नावं दिली होती, एकाने तर स्वतःला 'कुत्रेवाला' एवढंच म्हणवून घेतलं होतं. त्यांच्याखाली, सगळ्यांत लांब ओळ, माझं नाव. तीन शब्द, एकही स्पेलिंग चुकलेलं नाही.

पुण्याच्याने ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि मधल्या शब्दावर तो थांबला. "हे… वडिलांचं?"

"हो."

नागपूरच्याने टीव्ही बंद केला. मग तो म्हणाला, "कुकर लावू का मी?"

माझ्या चेहऱ्याचं मला त्या दिवशी फारसं काही वाटलं नाही, हे कुणाला खरं वाटणार नाही. चेहरा माझा होता, बाकावर मी बसलो होतो, तोंड मी उघडलं होतं. पण अण्णा तिथे नव्हते. त्यांनी कशावरही सही केली नव्हती. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची नावं जपून उच्चारली, त्याचं नाव मी अशा ठिकाणी नेऊन ठेवलं होतं, आणि तो तिकडे त्याची वाट बघत होता.

त्याच आठवड्यात मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"हॅलो, मी स्लाऊहून बोलतोय, लंडनजवळून. नाझरसाहेबांचा मुलगा. तुझे वडील आमच्या बाबांच्या हाताखाली… सॉरी, बाबांबरोबर काम करतात ना?"

"हो दादा, बोला."

"अरे, तू फिल्ममध्ये आहेस म्हणे! कॉंग्रॅट्स. ऐक, मी मे महिन्यात इंडियाला जातोय, भावाचं लग्न आहे. तुझ्या अण्णांनी बाबांना सांगितलंय की ती डीव्हीडी माझ्याबरोबर पाठव. बार रूममधल्या कम्प्युटरवर लावणार आहेत सगळ्यांना. टायटल सांग, मी ऑनलाइन ऑर्डर करतो."

बार रूम म्हणजे वकिलांची बसायची खोली. मी ती पाहिलेली आहे. खुर्च्या वकिलांसाठी असतात, अण्णा दाराशी उभे राहतात.

"टायटल अजून… फायनल नाही, दादा."

"नो वरीज. मी तुझं नाव टाकून सर्च करतो. फुल नेम टाकलं की दुसरं कोण येणार? मिडल नेम काय, अण्णांचंच ना?"

फोन ठेवून मी कॅलेंडरवर आठवडे मोजले. मे महिन्याला सात आठवडे होते.

डिस्कच्या कव्हरवर कंपनीचा फोन नंबर होता. तो फिरवायला मला दोन दिवस लागले. उचलला तो त्याच मुलीने. मी ओळख सांगितली तर ती खूश झाली. "बाकावरचे तुम्ही! तुम्ही फार छान होता. अभिनय करणारे मिळतात हो, दचकणारे मिळत नाहीत."

मी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. ते वाचून दाखवलं. माझा चेहरा राहू द्या, माझं नाव आणि आडनावही राहू द्या. फक्त मधला शब्द काढा. तो माझा नाही.

ती हळू आवाजात म्हणाली, "डिस्क छापून झाल्यात. पण मी वर विचारते. तुम्ही लेखी पाठवा." मी त्याच दिवशी पत्र लिहिलं. सवयीने शेवटी पूर्ण नावाची सही केली आणि मग ते पान फाडून दुसरं लिहिलं.

उत्तर आलं नाही. पुन्हा फोन केला तेव्हा रेकॉर्ड केलेला आवाज होता.

त्या आठवड्यांत मला शहर बदलल्यासारखं वाटायचं. ट्रॅममध्ये कुणी फोन वर धरला की मी मान वळवायचो. चौकात पर्यटक फोटो काढत असले तर लांबच्या रस्त्याने जायचो. डबा मी लॅबच्या जिन्यात, भिंतीकडे तोंड करून खाऊ लागलो. नागपूरचा म्हणाला होता ते खरं होतं, लोकांना मागचा खरा माणूस हवा होता. पण मागे उभ्या असलेल्या माणसाला आपण कशाच्या मागे उभे आहोत हे कळत नाही. माझ्यासारखे आणखी किती असतील, या विचाराने बरं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

एप्रिलच्या शेवटी मला राहवेना. दादांना ते शोधून सापडायच्या आत आपणच सांगावं असं ठरवून मी रविवारी स्लाऊला गेलो. ट्रेनमध्ये पूर्ण वेळ पहिलं वाक्य जुळवत होतो. वहिनींनी पोहे केले होते. लहान मुलगी मोडक्या मराठीत मला म्हणाली, "काका, तू टीव्हीत आला?" मी पोह्यांची बशी खाली ठेवली. दादांना म्हटलं, जरा बाहेर जाऊ या का?

ट्रेडिंग इस्टेटच्या, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीच्या, बाजूला रविवारी शुकशुकाट असतो. गोदामांच्या रांगेसमोर रिकाम्या पार्किंगमध्ये आम्ही चाललो आणि मी सांगितलं. पहिलं वाक्य विसरलो होतो, त्यामुळे मधूनच सुरुवात झाली. ते थांबले.

"तू कागद न वाचता सही केलीस?"

"वाचला होता, दादा. पूर्ण वाचला."

"आणि वडिलांचं नाव घातलंस?"

"हो."

"मूर्ख आहेस का तू? अरे, बार रूममध्ये लावणार होते! माझे बाबा असते तिथे!" त्यांचा आवाज गोदामांवर आपटून परत आला, तसे ते दबकले. मग बराच वेळ किल्ल्या हातात फिरवत राहिले. "मी सर्च केलं होतं. तुझ्या कॉलेजची दोन पानं आली. हे नाही आलं."

मी तिथल्या कठड्यावर बसलो.

"बाबांशी मी खोटं बोलणार नाही," ते म्हणाले. "मला मिळाली नाही, असं सांगेन. ते खरं आहे. पण तुझ्या अण्णांना काय सांगायचं ते तुझं तू बघ."

"हो दादा."

परत निघालो. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "बाय द वे, टायटल काय आहे?"

मी सांगितलं नाही. त्यांना काळजी होती की कुतूहल, ते मी आजही ठरवू शकत नाही. पण तो प्रश्न ऐकून मला पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याची लाज वाटली.

दादा मेमध्ये गेले आणि आले. अण्णांचा फोन या वेळी रविवारऐवजी सोमवारी आला, बाकी नेहमीसारखाच होता. "साहेबांच्या पोराला मिळाली न्हाई म्हनं. असू दे. मोठं शहर हाय, एवढ्यात कुठं घावायची?"

"अण्णा, ती येणार नाही बहुतेक. बंद पडलीय ती."

"बंद पडली म्हंजे? निकाल लागला का?"

"नाही. म्हणजे… अजून नाही."

मला तिथे खरं बोलता आलं असतं. शब्द तोंडाशी आले होते. पण मागे टायपिस्टबाईंचा आवाज ऐकू आला, "काय म्हणतोय हो मुलगा?" आणि अण्णा मोठ्या आवाजात म्हणाले, "चालू हाय म्हनतोय, चालू हाय!" ते कोर्टातल्या फोनवरून बोलत होते. पुकारा करायच्या आवाजात. मी म्हटलं, ठेवतो, अण्णा.

जुलैत माझा प्रबंध संपत आला होता. दुपारी घरी आलो तर दारात पोस्ट पडलेली होती आणि त्यात माझ्या नावाचं एक पाकीट. पाकिटावर नुसतं पहिलं नाव आणि आडनाव. आत त्या मुलीचं पत्र होतं, कंपनीच्या कागदावर टाइप केलेलं. उशिराबद्दल दिलगिरी होती. पुढे लिहिलं होतं की डिस्कचा धंदा त्यांनी बंद केला आहे, उरलेल्या प्रती नष्ट केल्या आहेत, आणि आता सगळं इंटरनेटवर, छोट्या छोट्या तुकड्यांत जातं. बाकाचा तुकडा त्यांनी वेगळा काढला आहे. उघड्यावरच्या चित्रणाचा जो नवा विभाग आहे त्यात तोच सध्या सर्वांत जास्त पाहिला जातो, आणि बघणारे माझ्याबद्दल विचारतात, अशा आणखी कामासाठी मी तयार असेन तर कळवावं. मी ते उभ्याउभ्याच वाचत होतो. नागपूरचा माझ्या खांद्यावरून वाचत होता.

शेवटचा परिच्छेद दोनच ओळींचा होता. या तुकड्यांना आभारांची यादी जोडत नाहीत. त्यामुळे आपल्या विनंतीप्रमाणे आपल्या वडिलांचं नाव आता कुठेही नाही.